संकष्टीची भरती: ठाण्यात एकटीने काढलेला रविवार

माणदेशी

नमस्कार मंडळी. माझी भाची ठाण्यात घोडबंदर रोडला, कासारवडवलीत राहते. फेब्रुवारीत तिच्याकडे गेले होते. रविवारी त्या सगळ्यांना एका साखरपुड्याला जायचं होतं. तिथं माझं काही काम नव्हतं, म्हणून मी जाहीर केलं की मी ऐरोलीला खाडीतले रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला जाणार. एकटी. जावई म्हणाले, "मावशी, पुढच्या वेळी सगळे मिळून जाऊ." हे 'पुढच्या वेळी' मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. त्यामुळं पिशवीत पाण्याची बाटली, टोपी आणि राजगिऱ्याचे लाडू टाकले (संकष्टी होती, उपास होता) आणि निघाले.

ठाणे स्टेशनला दहा नंबरवर पोचले तर प्लॅटफॉर्म रिकामा. रविवार, आणि वाशीकडच्या लाईनला मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद. आमच्या म्हसवडला रेल्वेच नाही, त्यामुळं ब्लॉक लागला तरी कळायचा नाही. गाडी चारनंतर, असं एका हमालानं सांगितलं. बाकड्यावर एक मावशी बसल्या होत्या. साठीच्या पुढच्या, नऊवारी, केसांत अबोलीचा गजरा, पायाशी प्लास्टिकची मोठी टोपली आणि तिच्यावर गच्च बांधलेलं फडकं. फडक्यातून जो वास येत होता तो मला लगेच ओळखू आला. आमच्या आठवडी बाजारात सुकट-बोंबलाच्या ओळीत हाच वास असतो.

"कुठं जातंस गो बाय?"

सांगितलं, ऐरोलीला, बोटीतून पक्षी बघायला.

"बोटीचा नंबर लावलास?"

नव्हता लावला. मावशींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग विचारलं, "आज संकष्टी ना?" मला वाटलं उपासाचं विचारतायत. हो म्हटलं. तर त्यांनी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाल्या, "चार पाऊण तीन. तीनला भरती. चारला गाडी सुटंल, तू पोचशील तवा पानी उतराया लागेल. आनि आयतवारची बोट नंबर लावल्याबिगर मिळत नाय."

मी शाळेत गणित शिकवते. 'चार पाऊण तीन' हा पाढा मी मुलांकडून घोकून घेतला आहे, पण तो पाढा पाणी मोजायला वापरतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढचं त्यांनी इतक्या सहज सांगितलं की जणू मी त्यांच्याच गल्लीतली. भरती आली की खाडीतला चिखल बुडतो. या पक्ष्यांना त्या चिखलातच चरायचं असतं. चिखल बुडाला की ते उडून नेरूळच्या बाजूला तळ्यांवर, पाणथळीत जाऊन उभे राहतात आणि पाणी उतरलं की परत खाडीत. "तिथं बोट नको नि तिकिट नको. माजी लेक करावेत दिलीय. मी तिकडंच चाललंय. चल येतंस तर. बशीनं जाऊ."

आता इथं मी थोडी थांबले. खोटं कशाला सांगू, सगळी वर्तमानपत्रं डोळ्यांपुढून गेली. मग मी काय केलं ते सांगते, कारण प्रतिसादांत कुणीतरी विचारणारच. भाचीला फोन लावला, मावशींच्या समोरच सगळं सांगितलं, गावाचं नाव सांगितलं, लोकेशन चालू ठेवलं. मावशींनी हात पुढं करून फोन मागितला आणि माझ्या भाचीला म्हणाल्या, "तुझी मावशी हाय ना, तिला संध्याकाळी गाडीत बसवून देतंय. काळजी करू नको. जेवलीस का?" साखरपुड्यात उभी असलेली भाची "हो, जेवते" म्हणाली म्हणे.

पूर्वेला उतरून चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूनं बस धरली. मावशी त्या कोळीवाड्यातल्याच, पण बोलताना रुळांच्या पलीकडच्या अर्ध्या कोळीवाड्यालाही 'आमचा' म्हणत होत्या. टोपली कंडक्टरला चालेना. मावशींनी वाद घातला नाही, टोपली मांडीवर घेतली आणि त्यावर माझी पिशवी ठेवली. तिकीट काढायला मी पर्स उघडेपर्यंत त्यांनी दोन तिकिटं काढलेली.

बस ठाणे-बेलापूर रस्त्यानं दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली करत निघाली. एका बाजूला कंपन्या, दुसऱ्या बाजूला काचेच्या इमारती. मावशींनी खिडकीतून बोट दाखवत सगळा रस्ता पाण्याच्या हिशोबानं सांगितला. इथं मिठागर होतं. इथपर्यंत होडी यायची. या नाल्याच्या तोंडाशी निवट्या मिळायच्या, इतक्या की पोरं हातानं धरायची. कंपन्या आल्या, पाण्याला वास यायला लागला, आणि जाळ्यात मासळीऐवजी प्लास्टिक. त्यांचे मालक आधी होडीवर जायचे, मग कारखान्यात लागले. "ज्यानं म्हावरं घालवलं त्याच्याच दारात चाकरी," असं म्हणून त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

मग त्यांनी मला विचारलं की आमच्याकडं पाणी कुठून येतं. मी टँकरचं सांगितलं, चारा छावण्यांचं सांगितलं, कोरड्या माणगंगेचं सांगितलं. मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आनि सुकट खाता तुमी?" म्हटलं, आमच्याकडं मासळी म्हणजे सुकटच, ओली मासळी कुणी बघितलीय. त्यांना याचं फार नवल वाटलं. त्यांनी वाळवलेलं कुठं कुठं जातं याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता.

नेरूळच्या एलपी स्टॉपला उतरून रिक्षानं करावे गावात. लेकीचं घर तीन मजली, खाली जावयाचं गॅरेज. रविवार असल्यामुळं कोळंबीचं कालवण, तळलेले बोंबील आणि तांदळाच्या भाकऱ्या. आणि माझी संकष्टी! सगळ्या घराला माझी कीव आली. लेकीनं लगोलग रताळी उकडली, केळी आणली, चहा दिला. मावशी माझ्यासमोर बसून बोंबील खाताना दर घासाला म्हणायच्या, "तुला बघून खाववत नाय," आणि पुढचा घास घ्यायच्या.

अडीचच्या सुमारास त्यांचा चौदा-पंधरा वर्षांचा नातू मला पाम बीच रोडच्या पलीकडं घेऊन गेला. टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागची पाणथळ. आधी मला काहीच दिसलं नाही. पोरगा म्हणाला, "आजी, तो गुलाबी पट्टा आहे ना, तो चिखल नाही."

तो पट्टा हलत होता.

वर्णन करायला बसले तर धागा संपणार नाही. एवढंच सांगते की चित्रात दिसतात तसे ते सगळे एका रंगाचे नसतात. काही अगदी पांढरट, काही करडे (ती पिल्लं, असं पोरानं सांगितलं), काहींच्या पंखांवर मात्र भडक गुलाबी. आणि आवाज! मी नाजूक आवाजाची अपेक्षा धरून होते. बदकांच्या मोठ्या कळपासारखा गलका. तीनच्या आसपास खाडीकडून आणखी थवे येत राहिले. मान पुढं, पाय मागं, दोन्ही सरळ रेषेत, पंखांच्या कडा काळ्या. मी तिथं तासाभरापेक्षा जास्त उभी होते. पोरगा मधेच क्रिकेट खेळून परत आला.

परतताना तिकिटाचे आणि रिक्षाचे पैसे द्यायचा प्रयत्न केला. मावशी म्हणाल्या, "ठेव. म्हसवडला आलं की चा पाज." वर एक पुडी दिली, सुकट आणि सोड्यांची. जावयानं स्कूटरवरून स्टेशनला सोडलं, ब्लॉक संपला होता, थेट ठाणे गाडी मिळाली. चंद्रोदय झाल्यावर उपास सोडला.

ऐरोलीची बोट राहिलीच आहे. कुणाला माहिती असेल तर सांगा, नंबर कसा लावायचा असतो?

---

खाडीकाठचा

वा! मजा आली वाचताना. वाचनखूण साठवली.

बोटीबद्दल: ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र वनखात्याच्या कांदळवन कक्षाचं आहे. बोटी भरतीच्या आसपासच सुटतात, कारण ओहोटीला खाडीत बोट चालण्याइतकं पाणीच उरत नाही. म्हणून फेऱ्यांच्या वेळा रोज बदलतात. ऑनलाइन बुकिंग आधी करावं, हंगामात शनिवार-रविवार लवकर भरतात. साधारण नोव्हेंबर ते मे पक्षी असतात. केंद्रात आत एक मोठा देवमाशाचा सांगाडा आहे, तोही बघण्यासारखा.

मावशींचा सल्ला शंभर टक्के बरोबर होता.

---

शंकासुर

लेखन छान. पण कुणीतरी वाईटपणा घ्यायला हवा म्हणून मी घेतो. अनोळखी व्यक्तीसोबत अनोळखी गावात, अनोळखी घरात जाणं, तेही शहरात नवीन असताना. सगळं चांगलं झालं म्हणून गोड वाटतंय. हे वाचून उद्या एखादी मुलगी असंच कुणाच्या मागे गेली तर? चांगल्या अनुभवाचे धागे निघतात, वाईटाच्या फक्त बातम्या येतात.

---

माणदेशी

@शंकासुर, वाईटपणा कसला. मी फोन का केला ते लिहिलंय ते याचसाठी.

पण एक बघा. त्या मला कुठं 'घेऊन' जात नव्हत्या. त्या आधीच तिकडं निघालेल्या होत्या, त्यांची टोपली बांधलेली होती, ब्लॉकमुळं त्याही अडकल्या होत्या. प्रवास भर दुपारी सरकारी बसचा. माझ्याकडून त्यांना काही नको होतं आणि त्यांनी मला घाई केली नाही. "येतंस तर चल" म्हणून त्या परत आपली तंबाखूची डबी शोधायला लागल्या. जो माणूस फसवतो तो तुमच्या उत्तराची वाट बघत असतो, असा माझा अनुभव आहे. हा काही नियम नाही, माझं मत.

आणि पुरुष असता तर मी गेले नसते. हेही स्पष्ट लिहिते.

---

लोकलभक्त

+१. ती भाचीला 'जेवलीस का' विचारणारी मावशी म्हणजे कहर आहे. लोकेशन शेअरिंगपेक्षा हे जास्त भरवशाचं.

अवांतर: ट्रान्स-हार्बरचा (ठाणे-वाशी लाईनचा) रविवारचा ब्लॉक बहुतेक वेळा ११ ते ४ च्या दरम्यान असतो. आदल्या दिवशीच्या पेपरात छोट्या चौकटीत येतं. ठाण्याचे लोक ती चौकट राशिभविष्याच्या आधी वाचतात.

---

निवृत्त_दर्यावर्दी

जहाजावर नोकरी झाली, त्यामुळे या 'चार पाऊण तीन'वर लिहिल्याशिवाय राहवेना.

कोकण किनाऱ्यावर हा हिशोब जुना आहे. पक्षातली तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, येईल ती भरतीची ढोबळ वेळ. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. शुक्ल असो वा कृष्ण, सारखंच. दिवसात भरती दोनदा येते, त्यामुळे तीच वेळ रात्रीही धरायची, जराशी पुढे. ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी.

हे चालतं कारण चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येतो आणि भरती त्याच्याबरोबर सरकते. हिशोबात मात्र ४५ मिनिटं धरली जातात. म्हणून प्रतिपदेपासून जसजसं पुढे जाल तशी चूक साठत जाते आणि पौर्णिमा-अमावास्येला तासाभराच्या घरात पोचते. चतुर्थीला फारसा फरक पडत नाही. शिवाय पंचांगातले आकडे समुद्रकिनाऱ्याला लागू, खाडीत आत जावं तसं पाणी थोडं उशिरा चढतं. जहाजावर अर्थातच छापील भरती-ओहोटी कोष्टक वापरतात. पण बाकड्यावर बसून दिवस ठरवायला पाऊणकी पुरते.

आमच्या एका कॅप्टनला मी हे दाखवलं होतं. त्याला पटलं, पण आधी तिथी कुठून आणायची हे विचारून तो गप्प झाला.

---

चेंदणीकर

माणदेशी ताई, आमच्या कोळीवाड्याबद्दल इतक्या आपुलकीने लिहिलंत, बरं वाटलं. मावशी कोण ते मी ओळखलं असण्याची दाट शक्यता आहे, पण नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही.

त्या पलीकडच्या भागालाही 'आमचा' म्हणतात ते बरोबरच आहे. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली हे सगळे पाठ करतात. वर्षभरात, १८५४ साली, तीच लाईन खाडी ओलांडून कल्याणला गेली. या रुळांनी कोळीवाड्याचे दोन तुकडे झाले, पूर्व आणि पश्चिम. देव एक, जत्रा एक, मधून लोकल. आमच्या लहानपणी पलीकडे आजीकडे जायचं तर पुलावरून.

मिठागरांचं त्यांनी सांगितलं तेही खरं. कोपरीतल्या रस्त्याचं नाव अजून मीठबंदर रोड आहे. मीठ नाही, बंदर नावापुरतं. पण गणपती विसर्जनाला आणि नारळी पौर्णिमेला अजून तिथेच जातो.

खाडीत मासळी पूर्ण संपली असं मात्र नाही. कोळंबी, बोय, शिंगाळा, चिंबोरी थोडीफार मिळते. काही घरं अजून जातात. घरखर्च त्यावर भागत नाही एवढं खरं.

---

पाणथळप्रेमी

सुंदर अनुभव, आणि त्या मुलाने 'करडी ती पिल्लं' सांगितलं हे वाचून फार आनंद झाला. बरोबर आहे. रोहितचा गुलाबी रंग खाण्यातून येतो, शेवाळ आणि बारीक कोळंबीवर्गीय जिवांतल्या रंगद्रव्यामुळे. पिल्लं करडी असतात, रंग चढायला काही वर्षं जातात. आपल्या खाडीत मोठा आणि छोटा असे दोन्ही रोहित येतात. भडक दिसणारे बहुधा छोटे. कच्छच्या रणात त्यांची वीण होते आणि पाणी आटू लागलं की ते इकडे येतात.

ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, सुमारे १६९० हेक्टर, आणि २०२२ साली खाडीला रामसर स्थळाचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा) दर्जा मिळाला. गंमत अशी (गंमत कसली) की भरतीच्या वेळी पक्षी ज्या पाणथळींवर येऊन उभे राहतात, त्या अभयारण्याच्या रेषेबाहेर आहेत. खाडी राखायची आणि तळी बुजवायची, म्हणजे जेवायला ताट द्यायचं आणि बसायला जागा नाही. २०२४ साली नेरूळचं डीपीएस शाळेमागचं तळं कोरडं पडलं होतं. भरतीचं पाणी आत यायची वाट बंद झाल्यामुळे हे झालं, असं इथल्या पर्यावरण कार्यकर्त्यांचं म्हणणं होतं. त्या हंगामात गोंधळलेले पक्षी रस्त्यांवर उतरले, काही मेले. रहिवासी आणि कार्यकर्ते मागे लागले म्हणून विषय पुढे सरकला.

जाणाऱ्यांना विनंती: उडतानाचा फोटो हवा म्हणून टाळ्या वाजवू नका, दगड मारू नका, ड्रोन तर अजिबात नको. तासभर उभे राहिलात तर ते आपणहून उडतात. ताईंनी तेच केलं.

---

येऊरचा_वाटाड्या

याच जातीचा एक अनुभव. येऊरला, ठाण्यालगतच्या जंगलात, एकटाच पक्षी बघायला गेलो होतो, एप्रिलचा महिना. पाटोणपाड्याच्या पुढे पाणी संपलं आणि डोकं गरगरायला लागलं. एका झोपडीच्या अंगणात वारली आजी मोहाची फुलं वाळवत बसल्या होत्या. मी फक्त पाणी मागितलं. त्यांनी पाणी दिलं नाही! आधी सावलीत बसवलं, डोक्याला ओलं फडकं बांधलं, मग थोडं थोडं पाणी, मीठ घालून. एकदम ढोसू दिलं नाही. नातवाला माझ्याबरोबर गेटपर्यंत पाठवलं. वाटेत त्या पोराने मला ज्या घुबडाची ढोली दाखवली ती मी वर्षानुवर्षं शेजारून चालत जाऊन बघितली नव्हती.

पैसे घेतले नाहीतच. पुढच्या वेळी नातवासाठी वह्या नेल्या, त्या घेतल्या. काय न्यावं याचा विचार करायला मला बराच वेळ लागला होता.

---

शंकासुर

येऊरचा किस्सा आवडला. मी माणुसकीच्या विरोधात नाही हो. :)

माणदेशी ताई, तुमचा 'घाई केली नाही' हा मुद्दा मान्य. हा निकष मी घरी बायकोला आणि मुलीला वाचून दाखवला. मुलगी म्हणाली, बाबा, हे आम्हाला माहीत असतं. म्हणजे मीच मागे आहे.

आता खरा प्रश्न. त्या सुकटीच्या पुडीचं कासारवडवलीच्या सोसायटीत काय झालं?

---

माणदेशी

हाहा. पुडीला तीन पिशव्या घालून फ्रीजमध्ये ठेवली. सोमवारी सुकट भाजायला घेतली आणि पाच मिनिटांत शेजारून बेल. भाचीचा चेहरा पडला. दारात शेजारच्या काकू, मूळच्या मालवणच्या. म्हणाल्या, "कुठून आणलीत? इतकी ताजी वाळवलेली आम्हाला इथे मिळत नाही." निम्मी त्यांना गेली.

मावशींचा नंबर घेतला होता. त्या स्वतः फोनवर जास्त बोलत नाहीत, नातू मेसेज पाठवतो. त्याला मी बेरजेची आणि पाढ्यांची कोडी पाठवते, तो मला पक्ष्यांचे फोटो. मार्चमध्ये गावाकडनं आटपाडीच्या डाळिंबांची पेटी पाठवली. मावशींचा निरोप आला, "डाळिंबं गोड हायत. सुकट संपली का?"

---

ताम्हनकाठी

शाकाहारी सोसायट्या आणि मासळीचा वास या विषयावर माझी काही मतं आहेत. पहिलं म्हणजे,

---

संपादक मंडळ

त्या विषयावर वेगळा धागा आहे, तो शंभर प्रतिसादांनंतर बंद करावा लागला होता. वरचा प्रतिसाद पहिल्या वाक्यानंतर संपादित. कृपया इथे खाडी, प्रवास आणि मदतीचे अनुभव एवढंच येऊ द्या.

---

डोंबिवली_फास्ट

खूप छान धागा. माझी आई सत्तरीची आहे, गुडघे दुखतात, चिखलात चालणं जमणार नाही. तिला बरेच दिवस हे पक्षी बघायचे आहेत. येत्या शनिवारी जायचा विचार आहे. पंचांगात दशमी दिसतेय. दहा पाऊण साडेसात, म्हणजे सकाळी साडेसातला भरती. बरोबर ना? तळ्यावर तेव्हा असतील का?

---

निवृत्त_दर्यावर्दी

गणित बरोबर, साडेसात-आठ धरा. पण दिवस चुकतोय. अष्टमी ते दशमीच्या सुमारास भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला मुंबईत पाणी साडेचार मीटरच्या वर जातं. भांगाला त्यापेक्षा बरंच कमी. चिखल पुरता बुडालाच नाही तर पक्षी खाडी सोडून तळ्याकडे येतीलच असं नाही. पाणथळप्रेमी जास्त सांगतील.

---

पाणथळप्रेमी

सहमत. भांगाला थोडे येतात, पण आजींना एवढ्या लांबून आणून निराशा नको. एक आठवडा थांबा. त्या शनिवारी द्वितीया येईल, दीडला भरती, चढही चांगला असेल. बारा ते तीन उभं राहायची तयारी हवी, म्हणून घडीची खुर्ची आणि छत्री न्या. सीवूड्स स्टेशनवरून रिक्षा करून एनआरआय कॉम्प्लेक्सच्या बाजूला डीपीएस तळ्याकडे गेलात तर फारसं चालावं लागत नाही, कडेवरून दिसतात. दुर्बीण असेल तर उत्तम.

---

डोंबिवली_फास्ट

धन्यवाद दोघांनाही. मग द्वितीयेचा शनिवार पक्का. आई आत्तापासूनच डबा काय न्यायचा ते ठरवतेय.

---

माणदेशी

तुमच्या आईंचं मावशींच्या नातवाला सांगितलं होतं. त्यानं घरात वाचून दाखवलं. निरोप असा आलाय: डबा आणू नका, तळं बघून झालं की घरी या. पण शनवारी येऊ नका, शनवारी घरात म्हावरं नसतं. आयतवारी या.

---

डोंबिवली_फास्ट

आईने लगेच रविवार केलाय. तृतीया, सव्वादोन.

---

लोकलभक्त

शनिवारच्या पेपरातली चौकट बघून निघा. ब्लॉक असेल तर कुर्ल्याहून हार्बरने जा, नाहीतर चेंदणीच्या बाजूने बस आहेच. आणि त्या दिवशी उपास नाही ना, ते आधी बघा.